जुन्या डिझेल पिकअपचं ॲव्हरेज पडलंय? पंप उघडायच्या आधी या चुका टाळा

गाडीचं ॲव्हरेज पडलं की लोक सगळ्यात आधी इंजिनात डिझेल सोडणारा पंप आणि नोझल उघडायला घेतात. दहातल्या आठ जणांना मी हेच करताना बघतो आणि खरंच जीव तुटतो, कारण हे काम सगळ्यात महाग आणि बऱ्याचदा दोष तिथे नसतोच.

पण त्याच्याही आधीची चूक म्हणजे ॲव्हरेज नीट मोजलेलंच नसतं. काटा अर्ध्यावर आला, मागच्या वेळी इतके किलोमीटर झाले होते, यावेळी कमी झाले, संपला हिशोब. असं नसतं हो. टाकी फुल करा, पेट्रोल पंपावरचा नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबा, ४००-५०० किलोमीटर चालवा, परत तशीच फुल करा, मग भागाकार. आणि एका टाकीवर निकाल देऊ नका, मी तीन टाक्यांचा आकडा बघितल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. मोठे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमीच दाखवतो, टायरचा घेर ५ टक्के वाढला तर ॲव्हरेज जवळपास तेवढंच पडल्यासारखं दिसतं आणि गाडीत बिघाड काहीच नसतो. मोबाइलच्या जीपीएसवर ५० किलोमीटर ताडून बघा, लगेच कळतं.

आता दुसरी चूक, आणि ही मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी पिकअप १३ देत होती ती हळूहळू १० वर आली. मी आधी नोझल चेक करून घेतले, फरक नाही. मग पंप उतरवला, कॅलिब्रेशन केलं, चार दिवस गाडी उभी, खर्च वेगळा, आणि आकडा आला साडेदहा. एका संध्याकाळी हलक्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक सोडला, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी जागची हललीच नाही. खाली उतरून चाकांजवळ हात नेला तर मागचं डावं चाक एवढं तापलेलं की हात धरवेना, बाकीची तिन्ही नुसती कोमट. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, लिव्हर खाली जायचा पण ब्रेकचे लायनर ड्रमवर घासतच राहायचे. म्हणजे मी कित्येक महिने ब्रेक लावून गाडी चालवत होतो आणि इंजिनला दोष देत होतो. केबल बदलली, लायनर नवे टाकले, दुसऱ्या टाकीला आकडा परत १३.

तेव्हापासून माझी सवय अशी की ॲव्हरेजची तक्रार आली की आधी चाकं. १५-२० किलोमीटर जास्त ब्रेक न मारता चालवायची, थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघायचा (ड्रमला थेट चिकटवू नका, भाजतं). मग जॅक लावून, खाली स्टँड देऊन, बाकीच्या चाकांना अडकण लावून, गिअर न्यूट्रल ठेवून चाक हाताने फिरवायचं. पुढच्या डिस्कला थोडी घासल्याची खसखस चालते, पण चाक जड लागता कामा नये. जड लागलं तर ब्लीडरचा निपल (चाकाजवळचा, ब्रेकमधली हवा काढायचा) थोडा ढिला करा. चाक लगेच मोकळं झालं तर ब्रेक ऑइलचं प्रेशर आत अडकतंय, जुन्या गाडीत रबरी होज आतून फुगलेला असतो, ऑइल जातं पण परत येत नाही. तरी जामच राहिलं तर केबल, पिन नाहीतर चाकातला ब्रेकचा सिलिंडर अडकलाय. कितीसा वेळ लागतो याला? पण नवीन लोकांना धीर नसतो, त्यांना आजच पार्ट बदलायचा असतो.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणं, याचा मला मनापासून राग आहे. गाडी एकदा गरम झाली की कुणीतरी सांगतं काढून टाक, आणि लोक काढतात पण. अहो, थर्मोस्टॅट साधारण ८०-८८ डिग्रीला उघडतो तो इंजिन लवकर गरम व्हावं आणि तसंच राहावं म्हणून. तो नसला की इंजिन थंडच चालतं, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, आणि डिझेलबरोबर इंजिनच्या लायनर-रिंगाही खर्ची पडतात. अर्धा तास चालवून टेंपरेचरचा काटा वरच येत नसेल तर तो काढलाय किंवा उघडा अडकलाय. नवीन टाका. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर आणि फॅन बघा.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. टर्बो गाडीत आधी एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज बघा. होज खालच्या बाजूने चिरतात आणि वरून नवे दिसतात, म्हणून हात फिरवून बघायचं. पंपाचा स्क्रू फिरवून ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊच नका.

टायरमधली हवा थंड टायरवर, लोडप्रमाणे, दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेली.

उतारावर न्यूट्रल करणं हा तर अडाणीपणा आहे. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातंच, वर इंजिन ब्रेकही गेला. आणि इंजिन बंद करून उतरणारे महाभाग, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम संपला की ब्रेक दगडासारखा होतो, हे लक्षात ठेवा.

मागची फळी उघडी ठेवून हवा कापली जाते हा गैरसमज आहे, बंद फळीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्याच्यावरून निघून जाते. त्यापेक्षा वेग बघा. ८० वरून १०० ला गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि जुन्या पिकअपचं नाक भिंतीसारखं सपाट. मी ७०-७५ ला टॉप गिअरमध्ये चालवतो, मागून कितीही हॉर्न वाजू दे.