हायलक्स भारी की पद्मिनी? आधी दोन्ही चालवून बघा

भावाने द्राक्षबागेसाठी टोयोटा हायलक्स पिकअप घेतली आणि आमच्या अंगणात पप्पांची प्रीमियर पद्मिनी, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो यातली भारी कुठली. कागदावर बघाल तर एकीकडे 2755 सीसी डिझेल, 204 हॉर्सपॉवर आणि दुसरीकडे 1089 सीसी, जेमतेम 40, म्हणजे मॅच टॉसलाच संपली. त्यापेक्षा एकाच सकाळी एकाच रस्त्याने दोन्ही चालवा, आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जातो.

आधी थंडीतला स्टार्ट बघा. पिकअपचं बटण दाबलं की झालं. पद्मिनीचा चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका, ओढायचा, सेल्फ मारायचा, आणि धरली की चोक एकदम आत ढकलायचा नाही, घाई केली की बंद पडते आणि परत पहिल्यापासून. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच आहे, भाच्याचा हात अजून गुडघ्यापाशी गिअर शोधतो 😄 ब्रेक मात्र मोकळ्या रस्त्यावरच तपासा, चारही चाकांना ड्रम, पायात जोर लागतो.

पिकअप रिकामी चालवून मत बनवू नका. मागे ट्रकसारखे लोखंडी पट्ट्यांचे पाटे (स्प्रिंग) आहेत, त्यामुळे खड्ड्यात मागून उडते, तीच क्रेट भरले की शहाण्यासारखी बसते. लांबी 5.3 मीटर, तेव्हा भद्रकालीच्या गल्ल्यांत एकदा वळवून बघाच, तिथे पद्मिनी जिंकते. आणि नुसती गावातल्या गावात फिरवणार असाल तर हायलक्सचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो, मधूनमधून हायवेला पळवावी लागते.

जुनी पद्मिनी घेताना फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला लावा, चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलीय समजा. ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, ते आधी बदला. गाडी 50 वर्षांवरची असेल तर विंटेज नोंदणी मिळते, 20,000 फी, 10 वर्षांसाठी, पण मग रोज भाजी आणायला ती काढता येत नाही, हे आधी बघा.

बंद पडली तर? हायलक्सच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनरशिवाय मिस्त्री हात लावत नाही. पद्मिनी उन्हाळ्यात कसारा घाट चढताना थांबली तर बहुतेक वेळा इंजिनाजवळच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते, पंपावर ओला फडका टाका, चहा घ्या, परत सेल्फ मारा. म्हणून आमच्या डिक्कीत एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली कायम असते.