दुकानात खणखणीत, घरी आणला की घुमका: छोटा स्टिरिओ लावताना या चुका टाळा

मधोमध एक युनिट, दोन बाजूंना दोन खोक्यांचे स्पीकर, सीडी, एफएम, यूएसबी, ब्लूटूथ आणि प्रत्येक बाजूला साधारण 10 ते 50 वॅट. कॉम्पॅक्ट स्टिरिओ म्हणजे एवढंच. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलला एवढा सेट पुरून उरतो. तरी घरोघरी तक्रारी त्याच: आवाज घुमतो, गाण्यातले शब्द कळत नाहीत, एक बाजू बंद आहे, सतत गुणगुण येते. यातल्या बहुतेक तक्रारींत सेटचा काही दोष नसतो. दोष जागेत, वायरीत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो, आणि तो शोधायला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. तेव्हा सेट दुरुस्तीला न्यायच्या आधी पुढचं सगळं तपासून घ्या.

स्पीकर शोकेसमध्ये कोंबणं

टीव्ही युनिटच्या खणात सेट मध्ये आणि दोन्ही स्पीकर त्याला चिकटून, असंच सगळीकडे दिसतं. दिसायला नीटनेटकं, पण स्टिरिओचा सगळा अर्थ तिथेच संपतो. डावं-उजवं वेगळं ऐकू यायचं तर दोन स्पीकरांत निदान 5 ते 6 फूट अंतर हवं, आणि तुमची बसायची जागा दोघांपासून तेवढ्याच किंवा थोड्या जास्त अंतरावर. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण झाला की जमलं.

उंचीकडे तर कोणी बघतच नाही. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या पातळीला यायला हवा. जमिनीपासून साधारण 3 फूट. उंच पट्टीचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. स्पीकर कपाटावर चढवला तर तो आवाज डोक्यावरून निघून जातो आणि खाली नुसती धबधब ऐकू येते. उंची बदलणं शक्य नसेल तर स्पीकरच्या मागच्या किंवा पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा ठेवून तो कानाच्या दिशेने कलता करा.

घुमणाऱ्या बेसचं, म्हणजे खालच्या पट्टीच्या जाड आवाजाचं, कारण जवळजवळ नेहमी भिंत असते. भिंतीला टेकलेला स्पीकर बेस वाढवतो, कोपऱ्यातला आणखी वाढवतो. मागे गोल भोक असलेला स्पीकर भिंतीपासून 8 ते 12 इंच पुढे घ्या. तेवढी जागाच नसेल तर त्या भोकात एक स्वच्छ मोजा सैलसर गुंडाळून घाला. हास्यास्पद वाटेल, पण छोट्या खोलीत यासारखा फुकटचा उपाय दुसरा नाही. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तोही फूटभर पुढे ओढून बघा. बेस भिंतीपाशी साचतो आणि तुमचं डोकं नेमकं तिथेच असतं.

राहिली खोली. व्हिट्रिफाइड टाइल्स, मोकळ्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी असेल तर टाळी वाजवून बघा. टाळीमागे टणत्कार आला तर गाण्यातही तो येणारच. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यावर शब्द मोकळे होतात.

वायर उलटी जोडणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक हीच. सेटच्या मागच्या लाल टोकाची वायर स्पीकरच्या लाल टोकालाच जायला हवी, काळ्याची काळ्याला. दोन्ही स्पीकर उलटे जोडले गेले तर फारसं बिघडत नाही. एकच उलटा जोडला तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघं मिळून एकमेकांचा बेस खाऊन टाकतात. सेट चालू असतो, दोन्हीकडून आवाज येत असतो, पण गाणं पोकळ लागतं. मग बेसचं बटण वाढवलं जातं आणि भलताच घोळ होतो.

तपासायचं असं: रेडिओवर बातम्या लावा आणि बरोबर मध्ये बसा. निवेदकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध, हवेतून आल्यासारखा यायला हवा. तो दोन्ही कानांशी पसरलेला वाटला तर सेट बंद करून एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा. बेस एकदम भरला तर आता जोडणी बरोबर आहे.

खुणा पुसलेल्या जुन्या स्पीकरसाठी पेन्सिल सेलची युक्ती आहे. वायर सेटपासून पूर्ण सोडवा, 1.5 व्होल्टच्या सेलचं अधिक टोक एका वायरीला आणि उणं दुसरीला क्षणभर लावा. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर उडी मारतो तेव्हा अधिकला लागलेली वायर लाल टोकाची. आत गेला तर उलट. सेल लावून ठेवू नका, नुसता टेकवा.

वायर सोलताना 10 मिलिमीटरच सोला. इंचभर सोललेल्या वायरीचे तांब्याचे केस टोकाबाहेर राहतात. तारा बोटांनी एका दिशेने घट्ट पिळा, आत सरकवा, क्लिप सोडा आणि बाहेर एकही केस डोकावत नाही ना ते टॉर्चने बघा. एक केस शेजारच्या टोकाला लागला की शॉर्ट. मग सेट चालू होतो, टक् आवाज येतो आणि बंद पडतो, किंवा सेटच्या डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ उमटतं. असं झालं तर प्लग काढा, दोन्ही स्पीकर सोडवा आणि नुसता सेट चालू करा. आता तो टिकला तर बिघाड वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे.

वायर कोणती घ्यायची? 5 मीटरपर्यंत 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन पदरी वायर पुरते, 8-10 मीटर असेल तर 1.5 ची. हजारो रुपयांच्या केबलने या वर्गातल्या सेटचा आवाज सुधारत नाही.

एक बाजू बंद आहे म्हणून सेट मेकॅनिककडे

आधी ही अदलाबदल करा. समजा उजवा स्पीकर बंद आहे. सेट बंद करून मागच्या डाव्या-उजव्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. आता डावा स्पीकर गप्प झाला तर दोष सेटकडे. उजवाच गप्प राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर. सेटकडे निघाला तर सीडी, एफएम, ऑक्स (बाहेरचं यंत्र केबलने जोडायचं छिद्र) असं एकेक लावून बघा. फक्त ऑक्सवर बाजू जात असेल तर पिन नीट बसलेली नाही किंवा केबल तुटली आहे.

दोन्ही स्पीकर गप्प आणि बाकी सगळं चालू, असं असेल तर हेडफोनच्या छिद्राकडे बघा. हेडफोन लावला की स्पीकर तोडणारी पट्टी आत असते आणि ती गंजली की सेटला कायम हेडफोन लावल्यासारखं वाटतं. पिन दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं.

गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन तोडणं

हे कधीही करू नका. सततची जाड गुणगुण 50 हर्ट्झच्या विजेची असते आणि ती बहुधा दोन वाटांनी अर्थ झालेल्या जोडणीतून येते. टीव्ही सेटला जोडलेला असेल तर टीव्हीच्या मागची केबलची किंवा डिशची वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्टिरिओ एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर ऑक्सच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावा, किंवा ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

ऑप्टिकल जोडूनही आवाजच येत नसेल तर दोन गोष्टी बघा. केबलच्या टोकांवरची पारदर्शक टोपी काढायची राहिली असेल, नाहीतर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर असेल. ते ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर, ठेवा. साध्या स्टिरिओला डॉल्बी उलगडता येत नाही.

ब्लूटूथने टीव्ही जोडला तर ओठ आधी आणि शब्द मागून येतात, म्हणून टीव्हीला केबलच बरी. फोनसाठी ब्लूटूथ ठीक, पण फोनचा आवाज 80-90 टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त सेटवर करा. उलटं केलं तर सुरावर सूं... असा थर चढतो. आणि सेट सापडतच नसेल तर घरातला दुसरा फोन आधीच त्याला चिकटलेला असतो.

पेन ड्राइव्ह वाचत नसेल तर तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला आहे का आणि गाणी एमपी3 आहेत का, एवढंच बघा.

रेकॉर्ड प्लेयरची गोष्ट वेगळी. त्याच्या सुईतून साधारण 5 मिलिव्होल्ट निघतात आणि ऑक्सला त्याच्या शंभरपट लागतात. शिवाय रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबलेला असतो, तो परत उचलावा लागतो. हे काम फोनो प्रीअॅम्प करतो. प्लेयरच्या मागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असेल तर ते लाइनवर करा. नसेल तर प्रीअॅम्पची वेगळी डबी घ्या. आणि प्लेयर ज्या टेबलावर, त्याच टेबलावर स्पीकर नको, नाहीतर आवाज सुईत शिरून घोंगावतो.

गणपतीत घरचा सेट मांडवात

खोक्यावरचा 2000 वॅट पीएमपीओ हा जाहिरातीपुरता फुगवलेला आकडा विसरा. ‘आरएमएस’पुढे, म्हणजे सेट सतत देऊ शकतो त्या ताकदीपुढे, जे लिहिलंय ते खरं, म्हणजे बहुधा 2 गुणिले 20 वगैरे. एवढ्यावर सोसायटीचं अंगण भरत नाही. मग व्हॉल्यूम शेवटपर्यंत आणि बेस बूस्ट चालू. बेस 10 डेसिबलने वाढवणं म्हणजे तेवढ्या भागात दहापट ताकद मागणं. सेटकडे ती नसते, आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजात ट्वीटर जळतात. आवाज फाटायला लागला की व्हॉल्यूम लगेच मागे घ्या.

जास्त आवाजासाठी आणखी दोन स्पीकर त्याच टोकांना जोडणं ही पुढची चूक. स्पीकर विजेला करतो तो विरोध ओहममध्ये मोजतात, आणि तो जितका कमी तितका सेटवर ताण जास्त. 8 ओहमचे दोन समांतर जोडले की 4 ओहम होतात, 4 चे दोन जोडले की 2. सेटच्या मागे ‘6 ओहम किमान’ लिहिलेलं असेल तर दोन्ही जोड्या त्याला झेपणार नाहीत. तापून तो स्वतःला बंद करेल किंवा स्पीकरला ताकद देणारा आतला आउटपुट आयसी उडेल.

परदेशातून आणलेला सेट तसाच लावणं

पिन बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. मागच्या पट्टीवर फक्त ‘120 व्होल्ट’ असेल तर तो अमेरिकेतला, ‘100 व्होल्ट’ असेल तर जपानचा, आणि 230 व्होल्टला लावला तर दोन्ही जळतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पट्टीवरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. जपानी सेटला 110 चा नको, 100 चाच हवा. जुना जपानी सेट घ्यायच्या आधी आणखी एक बघा: त्याचा एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झ असतो आणि आपल्याकडची खासगी स्टेशनं 91 च्या पुढे. अमेरिकन सेट मीडियम वेव्हवर 10-10 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, आपली स्टेशनं 9 च्या पटीत. पुणे आकाशवाणीचं 792 त्याला नेमकं सापडत नाही. काही सेटमध्ये ही पायरी बदलता येते, मॅन्युअलमध्ये बघा.

पावसाळा

सेटवर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. काढा. वरची झरोक्याची जागा मोकळी हवी, वर किमान 4 इंच. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास सेट चालवा, म्हणजे आतली दमट हवा सुकते. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर सेट बंद ठेवून ते वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. नाही गेली तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर. गंज सोडवायचं तेल त्यात मारू नका.

सीडी अडखळत असेल तर आधी सीडी पुसा, मधून कडेकडे सरळ, गोल नाही. मग प्लग काढून लेन्सवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेला कापसाचा बड अलगद फिरवा. लेन्स स्प्रिंगवर लोंबकळत असते, दाबायची नाही.

दहा-पंधरा वर्षांच्या सेटचा बेस फडफडत असेल तर स्पीकरची जाळी काढून पडद्याभोवतीची कड बोटाने दाबा. फोमची असेल तर दमट हवेत तिचा भुगा झालेला असतो. रबराची सहसा टिकते. पूर्ण स्पीकर बदलायची गरज नाही. नवी कड मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सुट्या भागांची दुकानं आहेत. नुसतं ‘पाच इंची’ म्हणून भागत नाही. पडद्याचा व्यास आणि बाहेरच्या चौकटीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या. चिकटवताना दोन्ही अंगठ्यांनी पडदा समान दाबून बघा. आत कुठे घासल्याचा आवाज आला तर गोंद ओला असेपर्यंतच तो मधोमध आणा. मग 24 तास वाजवू नका.