जावामध्ये तारखा पार्स करताना: एरर न येणारी चूक

बाहेरून आलेल्या सीएसव्ही फाइलमधील तारखा पार्स करण्याचे, म्हणजे मजकुरातून खरी तारीख वाचून काढण्याचे काम किरकोळ समजले जाते, आणि म्हणूनच ते बहुधा टीममधील सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडते. माझ्याही वाट्याला ते तसेच आले होते आणि तेव्हाची हतबलता मी अजून विसरलेलो नाही. तारखेचे स्वरूप अक्षरांनी सांगणाऱ्या पॅटर्नमध्ये कॅपिटल एम महिन्याचा आणि स्मॉल एम मिनिटांचा, एवढे आपल्याला ठाऊक आहे असे धरून थेट मुद्द्यावर येतो.

एक्सेप्शन फेकणाऱ्या, म्हणजे एरर देऊन थांबणाऱ्या तारखेला घाबरू नका. घाबरायचे ते निमूटपणे चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखेला. तारखा वाचणाऱ्या जावाच्या जुन्या वर्गाला, सिंपलडेटफॉरमॅटला महिना, दिवस, वर्ष या क्रमाचा पॅटर्न देऊन '२५/०३/२०१९' वाचायला लावले, तर तो तक्रार करत नाही. पंचविसावा महिना म्हणजे दोन वर्षांनंतरचा जानेवारी, असा हिशेब करून तो ३ जानेवारी २०२१ आपल्या हाती ठेवतो. जुन्या कोडमध्ये हा वर्ग दिसला, तर निदान सेटलेनियंट फॉल्स केले आहे का, म्हणजे त्याची ही ढिलाई बंद केली आहे का, हे आधी पाहा.

'तारखांचा नवा एपीआय (जावातले नवे तयार वर्ग) वापर, प्रश्न मिटेल' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी ज्येष्ठ सहकारी देईलच. सल्ला योग्य असला तरी अर्धा आहे, आणि मला सर्वाधिक छळले ते याच उरलेल्या अर्ध्याने. २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आलेला डेटटाइमफॉरमॅटर तेरावा महिना नाकारतो, बत्तिसावा दिवसही नाकारतो, त्यामुळे तो काटेकोर आहे अशी आपली खात्री पटते. परंतु ऑफपॅटर्नने तयार केलेला फॉरमॅटर मुळात 'स्मार्ट' पद्धतीने चालतो, आणि या पद्धतीत '३१/०२/२०१९' ही तारीख २८ फेब्रुवारी २०१९ होते, तर '३१/०४/२०१९' ही ३० एप्रिल होते. लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. मुदत ठेवीच्या किंवा विम्याच्या नोंदींत अशी तारीख शिरली, की ती पुढे कोणालाही खोटी वाटत नाही, कारण ती दिसायला पूर्णपणे खरी असते.

यावरचा उपाय म्हणजे फॉरमॅटरची रिझॉल्व्हरस्टाइल, म्हणजे तारीख ठरवण्याची पद्धत, 'स्मार्ट'ऐवजी स्ट्रिक्ट करणे. पण ते केल्याबरोबर सरळ, निर्दोष तारखाही लोकलडेट (नव्या एपीआयमधील तारखेचा वर्ग) मिळत नाही म्हणून नाकारल्या जाऊ लागतात, आणि इथेच बहुतेक जण कंटाळून स्ट्रिक्ट काढून टाकतात. कृपया काढू नका. दोष स्ट्रिक्टचा नसून पॅटर्नमधील स्मॉल वायचा आहे. स्मॉल वाय म्हणजे कालगणनेतील वर्ष, आणि ते इसवी सनाचे की इसवी सनापूर्वीचे, हे सांगितल्याशिवाय स्ट्रिक्ट पद्धत पुढे सरकत नाही. वायच्या जागी चार स्मॉल यू लिहिले की सर्व सुरळीत होते. कॅपिटल वायला मात्र हात लावू नका. ते आठवड्यांवर आधारलेले वर्ष आहे, आणि तारीख छापताना ते वापरले तर ३० डिसेंबर २०१९ च्या पुढे २०२० छापले जाते.

स्वरूप आपोआप ओळखणाऱ्या लायब्ररी मला मुळीच मान्य नाहीत. पायथनमधील डेटयूटिल '२५/०३/२०१९' ला २५ मार्च म्हणते आणि त्याच स्तंभातील '०५/०३/२०१९' ला ३ मे म्हणते. फाइल पाठवणाऱ्याला स्वरूप विचारायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो, तरीही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

हे सारे एकदा हाताखालून गेले, की अवघड राहत नाही. आजच एक लहानशी टेस्ट लिहा: २९/०२/२०२३, ३१/०४/२०१९ आणि २५ वा महिना असलेली एक तारीख, तिन्ही नाकारल्या गेल्याच पाहिजेत, २९/०२/२०२४ मात्र स्वीकारली गेली पाहिजे. मराठी फॉर्ममधून देवनागरी अंक येणार असतील, तर फॉरमॅटरच्या डेसिमलस्टाइलमध्ये, म्हणजे अंकांच्या सेटिंगमध्ये, शून्याचा अंक '०' असा ठरवून द्या. तो दिला नाही तर एक्सेप्शन येते, आणि ते लगेच दिसते.