लाइन फॉलोअर रोबॉट: बांधणीपासून शर्यतीपर्यंत

काळ्या पट्टीचा माग काढत धावणारा लाइन फॉलोअर एखाद्या शनिवार-रविवारी सहज बांधून होतो. मात्र तो वळणावर पट्टी न सोडता धावावा यासाठीचा बहुतेक वेळ सेन्सरच्या जुळणीत जातो, आणि नवशिके नेमकी तिथेच घाई करून खापर प्रोग्रॅमवर फोडतात.

सामान मोजकेच लागते: आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा नियंत्रक बोर्ड), ६ व्होल्टच्या दोन एन-२० गिअर मोटर, पाच इन्फ्रारेड सेन्सर (अदृश्य प्रकाश टाकून जमिनीवरून किती परत येतो ते मोजणारे), मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या हुकुमाने मोटरला वीज देणारा), पुढे टेकणीसाठी एक कॅस्टर (मोकळे फिरणारे छोटे चाक) आणि मालिकेत जोडलेले दोन १८६५० लिथियम-आयन सेल. बाजारात एल२९८एन ड्रायव्हर सर्रास मिळतो, पण तो सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो. म्हणून टीबी६६१२ घ्यावा. त्याची स्टँडबाय पिन ५ व्होल्टला जोडायची राहून गेली, तर सर्व जोडणी बरोबर असूनही चाके हलत नाहीत. बॅटरी, ड्रायव्हर आणि आर्डुइनो यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र असलेच पाहिजे.

पट्टीसाठी वापरायची साधी काळी इन्सुलेशन टेप सुमारे १९ मिलिमीटर रुंद असते. सेन्सर एकमेकांपासून साधारण १ सेंटिमीटरवर, चाकांच्या बरेच पुढे आणि जमिनीपासून ३ ते ५ मिलिमीटर उंचीवर बसवावेत. सेन्सरमधले इन्फ्रारेड एलईडी पेटतात की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास बहुधा फिकट जांभळा ठिपका दिसतो. माझा पहिला रोबॉट रात्री घरात बिनचूक धावला आणि सकाळी खिडकीपाशी भरकटला, कारण सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतेच. सेन्सरभोवती काळ्या कार्डपेपरची झालर लावल्यावर तो ताळ्यावर आला. ट्रॅक छापून घेणार असाल, तर शाई आधी तपासा. डोळ्यांना काळी दिसणारी काही शाई इन्फ्रारेड परावर्तित करते.

प्रोग्रॅमच्या आरंभी पाच सेकंद रोबॉट पट्टीवर हाताने डावीउजवीकडे फिरवून प्रत्येक सेन्सरची किमान व कमाल नोंद घ्यावी आणि पुढचे प्रत्येक वाचन त्या मर्यादांमध्ये ० ते १००० असे बसवावे. सेन्सरना डावीकडून −२, −१, ०, १, २ असे भार देऊन भारित सरासरी काढली की पट्टी मध्यापासून किती सरकली हे कळते, हीच त्रुटी. त्रुटी गुणिले केपी, अधिक त्रुटीतील बदल गुणिले केडी (केपी आणि केडी हे आपण चाचणीने ठरवायचे गुणक), ही दुरुस्ती डाव्या मोटरच्या वेगात मिळवावी आणि उजव्या मोटरमधून वजा करावी. पट्टी दिसेनाशी झाली, तर ती शेवटी ज्या बाजूला दिसली होती तिकडे वळावे.

केडी शून्य ठेवून वेग २५५ पैकी ८० वर सुरू करा. रोबॉट नागमोडी डुलू लागेपर्यंत केपी वाढवा, मग डुलणे शमेल इतकी केडी द्या, आणि त्यानंतरच वेगाला हात लावा. पूर्ण भरलेले सेल ८.४ व्होल्ट देतात आणि मोटर ६ व्होल्टच्या आहेत, त्यामुळे दुरुस्ती धरूनही मोटरला १८० च्या वर आकडा जाऊ देऊ नये. चाचणीसाठी लिहिलेल्या सीरियल प्रिंटच्या (वाचने संगणकावर पाठवणाऱ्या) ओळी शर्यतीआधी काढून टाका: ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) २० अक्षरे पाठवायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, आणि बफर (पाठवायची अक्षरे थांबवून ठेवणारी जागा) भरला की प्रोग्रॅम त्यासाठी थांबून राहतो. सेकंदाला ५० सेंटिमीटर धावणारा रोबॉट तेवढ्यात सेंटिमीटरभर आंधळा पुढे जातो.

मित्रांमधील शर्यतीत प्रत्येकाला तीन फेऱ्या द्याव्यात, सर्वोत्तम वेळ धरावी आणि रोबॉटला हात लागला तर पाच सेकंद वाढवावेत. जुळणी ज्या चार्जवर केली, साधारण त्याच चार्जवर धावा. ताजे भरलेले सेल घालून ऐन वेळी वळण चुकलेले रोबॉट मी पुष्कळ पाहिले आहेत.