१ मेच्या भाषणात महाराष्ट्राच्या नावाची गोष्ट कशी बसवावी

एप्रिल लागला की अंबाजोगाईत आमच्या ओट्यावर लेकरं वह्या घेऊन येतात. "गुरुजी, महाराष्ट्र दिनाचं भाषण लिहून द्या." मी लिहून देत नाही, बसवून घेतो. ते कसं, ते सांगतो.

पहिलं वाक्य बहुतेकांचं एकच असतं: महान राष्ट्र म्हणजे महाराष्ट्र. ते आधी खोडायला लावा. जुन्या काळी 'राष्ट्र' म्हणजे देश नव्हे, राज्यातला एक प्रांत. हे नुसतं सांगून लेकराला पटत नाही, म्हणून मी त्याला लातूरला नेतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. लट्टलूरचे धनी. ते लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि राष्ट्रकूट म्हणजे राष्ट्राचा प्रमुख. शेजारच्या गावाचं नाव निघालं की लेकरू सरसावून बसतं. मग 'राष्ट्र'चा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही.

त्यानंतर दगडावरचा पुरावा द्या. कर्नाटकात ऐहोळे इथं इ.स. ६३४ चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी तीन 'महाराष्ट्रकां'चा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा स्वामी झाला, असं कवी रविकीर्तीनं त्यात कोरवलंय. नाणेघाटातल्या त्याहून जुन्या लेखात 'महारठी' हा शब्द येतो. काही विद्वान नावाचं मूळ तिथं शोधतात, काही 'रट्ट' या कुळात. त्यांचं एकमत नाही, हेही लेकरानं व्यासपीठावर सांगावं. त्यात कमीपणा नाही.

मराठवाड्याला स्वतंत्र परिच्छेद हवाच. निजामाच्या एकाच राज्यात तीन भाषांचे मुलूख होते: तेलुगूचं तेलंगण, कन्नडचा कर्नाटक आणि मराठीचा मराठवाडा. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. हे तीन दिवस तोंडपाठ करून घ्या. ज्यांच्या आजोबांनी रझाकारांचे दिवस काढले, त्या घरातल्या लेकरांना तरी ते ठाऊक असायलाच हवेत, बरं का.

टोपणनाव घेतलं की त्यासोबत गाव घ्यायचं. 'संतांची भूमी' म्हटलं तर आपेगावचे ज्ञानेश्वर, पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई. आमच्या अंबाजोगाईत मुकुंदराज आणि दासोपंत दोघांच्याही समाध्या आहेत. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी लेकरांना एकदा दाखवाच. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' घ्यायचं असेल तर 'लोक असं म्हणतात' एवढंच जोडा.

भाषण तीन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि 'लट्टलूरपुरवराधीश्वर' दहा वेळा मोठ्यानं म्हणवून घ्या. ऐन वेळी जीभ तिथंच अडखळते.