जुन्या बुलेटचे टॅपेट घरी जुळवताना

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेट ३५० वर लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना खालून उचलणारे भाग) अवश्य तपासावेत, मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच, शक्यतो सकाळी. स्पार्क प्लग काढून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या (इंधन-हवेचे मिश्रण दाबणाऱ्या फेरीच्या) अगदी वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील. सिलिंडरच्या उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडून पुशरॉड (टॅपेटवर उभ्या असलेल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी फिरवून पाहावेत. ते सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली मुळीच हलता कामा नयेत. तसे नसेल तर टॅपेट जुळवून घ्यावेत. लॉकनट (जुळणी पक्की धरणारा नट) आवळताना जुळणी बहुधा थोडी सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासावे. टॅपेटचा किंचित आवाज परवडतो. घट्ट पुशरॉडमुळे मात्र व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन कमी होते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची भीती राहते.