वावरातल्या मोटरसाठी कंट्रोलर बनवताय? प्रोटोटाईपच्या या चुका टाळा

मोबाईलवरून विहिरीवरची मोटर चालू-बंद करायचं यंत्र आपल्याकडचे बरेच पोट्टे बनवून पाहतात, अन् पाहायलाच पाहिजे, कारण रात्रपाळीची लाईन आली की बापाला बॅटरी घेऊन वावरात जावं लागते, साप-विंचवाचं भेव वेगळंच.

सगळ्यात जास्त डोकं खाते ते जीएसएम मॉड्यूल, म्हणजे सिम टाकून मोबाईल नेटवर्कशी जोडणारा छोटा बोर्ड. सिम८००एल नावाचं मॉड्यूल ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर) लावलं, लाईट मिचमिचला, नेटवर्क पकडायला गेलं की रिसेट. मग पोट्टे रात्रभर कोड चाळतात, पण दोष सप्लायचा असते. हे मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालते अन् क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. बारीक जंपर वायरमधून तेवढा करंट जात नाही, व्होल्टेज पडते. ४ व्होल्टवर सेट केलेला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) घ्या, जाड वायर आखूड ठेवून सोल्डर करा, अन् १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलच्या पायाशीच लावा. शिवाय हे फक्त २जी आहे, जिओचं सिम त्यात चालतच नाही, म्हणून नवीन काम असेल तर सरळ ४जी मॉड्यूल घ्या.

दुसरी चूक माझीच. घरी रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचवर) बल्ब लावून टेस्ट केली, एकदाही अडकलं नाही. वावरात स्टार्टरला जोडलं तर मोटर बंद केली की बोर्ड हँग! दोन दिवस कोड बदलला. खरं कारण स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटरची लाईन जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल, तिची लाईन तुटताना ती व्होल्टेजचा मोठा झटका मारते. रिलेच्या डीसी कॉइलला झटका अडवायला डायोड चालते, पण कॉन्टॅक्टरची कॉइल एसी असते, तिथं डायोड लावायचाच नाही, कॉइलचं व्होल्टेज सांगून आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणा. अन् निळा रिले २५० व्होल्टचा असते, थ्री फेज स्टार्टरची कॉइल बरेचदा ४१५ ची, ते आधी पाहून घ्या. हे जोडताना मेन बंद करा अन् वायरमन सोबत असू द्या, एकट्यानं हात घालू नका.

पहिल्याच डिझाईनचे वीस-वीस पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) मागवू नका. झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या तयार पाटीवर) एक बनवा, निदान आठवडाभर विहिरीवर चालू द्या, मग पुढचं.

अन् मे महिन्यात एकदा तरी दुपारी तपासा. बाहेर ४५ डिग्री असलं की पत्र्याच्या डब्यात त्याहून जास्त तापते, म्हणून कपॅसिटर १०५ डिग्रीवालेच घ्या, डबा सावलीत टांगा. वायरच्या भोकाला केबल ग्लँड (वायरभोवती घट्ट बसणारं बूच) लावायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात मुंग्या अन् पाली बोर्डावरच घर करतात.